नोंद वाचणाऱ्यांचं शिक्षण

अमेरिकेतल्या एखाद्या रुग्णालयातून मंगळवारी घरी गेलेल्या रुग्णाचा चार्ट त्याच आठवड्यात ऐरोलीत, हिंजवडीत किंवा चेन्नईत कुणाच्या तरी संगणकावर उघडलेला असतो. समोर बसलेली मुलगी बहुधा प्राणिशास्त्राची, मायक्रोबायोलॉजीची किंवा फार्मसीची पदवीधर असते. कधी नर्सिंग केलेली, कधी बीएएमएस किंवा बीएचएमएस. तिनं तो रुग्ण पाहिलेला नसतो आणि कधी पाहणारही नसते. डॉक्टरांनी काय लिहिलं, नर्सनं कोणत्या वेळी काय टिपलं, शस्त्रक्रियेत नेमकं काय काढलं आणि काय ठेवलं, हे सगळं वाचून ती प्रत्येक आजाराला आणि उपचाराला एकेक कोड देते. रुग्णालयाला विम्याचे किती पैसे मिळणार ते त्या कोडांवर ठरतं. पुढे तेच कोड आरोग्याच्या आकडेवारीत जातात, आणि कोणत्या आजारावर किती खर्च होतो, कुठला आजार कुठे वाढतो आहे, याचे हिशेब त्यांवरून मांडले जातात.

या कामाला मेडिकल कोडिंग म्हणतात. रुग्णाच्या नोंदी तयार करणं, जपणं, संगणकावर आणणं, त्यांचं वर्गीकरण करणं आणि त्या योग्य माणसाच्याच हाती पडतील हे पाहणं, या मोठ्या कामाचा म्हणजे आरोग्य माहिती व्यवस्थापनाचा तो एक भाग. या दोन्हींचं पहिलं शिक्षण घेणाऱ्या मराठी विद्यार्थ्यांसाठी हे पुस्तक लिहिलं आहे. मी आधी रुग्णालयाच्या रेकॉर्ड विभागात काम केलं, नंतर शिकवू लागले, आणि शिकवता शिकवता माझं एक मत पक्कं होत गेलं. कोड शोधणं हा या विद्येचा सोपा भाग आहे. अवघड आहे ते वाचणं. कागदावर काय लिहिलं आहे, ते कुणी लिहिलं आहे, आणि आपल्याला स्वच्छ दिसतं आहे पण लिहिलेलं मात्र कुणीच नाही असं काय आहे, हे ओळखायला महाविद्यालयानं शिकवलं पाहिजे. तेवढं जमलं नाही, तर बाकीचं क्लासवालेही शिकवू शकतात.

आजारांच्या वर्गीकरणाची सुरुवात मृतांच्या मोजणीतून झाली. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये विल्यम फार हे मृत्यूंच्या नोंदींचं काम पाहत. एकाच आजाराला डॉक्टर तीन-चार वेगवेगळी नावं देतात आणि त्यामुळे मोजणीच करता येत नाही, ही त्यांची तक्रार होती. फ्रान्सच्या जाक बेर्तियाँ यांनी १८९३ साली मृत्यूच्या कारणांची एक यादी मांडली आणि हळूहळू अनेक देशांनी ती स्वीकारली. १९४८ साली जागतिक आरोग्य संघटनेनं ती हाती घेतली, आणि तेव्हा निघालेल्या सहाव्या आवृत्तीत पहिल्यांदा मृत्यूच्या कारणांसोबत जिवंत माणसांचे आजारही आले. आयसीडी म्हणतात ती हीच यादी. आपल्याकडे रुग्णालयांत वापरतात ती दहावी आवृत्ती १९९० साली मंजूर झाली. अकरावी २०१९ साली मंजूर होऊन १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली आहे.

नोंदी सांभाळणाऱ्यांचा इतिहास वेगळ्या वाटेनं आला. मेयो क्लिनिकमध्ये १९०७ साली हेन्री प्लमर यांनी एका रुग्णाला एक क्रमांक आणि त्या क्रमांकाची एकच फाइल, अशी पद्धत सुरू केली. त्याआधी प्रत्येक डॉक्टरची आपली वही असे आणि तीन डॉक्टरांना दाखवलेल्या रुग्णाची हकीगत तीन वह्यांत विखुरलेली राही. बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधल्या ग्रंथपाल ग्रेस व्हाइटिंग मायर्स या क्षेत्रातल्या पहिल्या पिढीच्या. १९२८ साली नोंदी सांभाळणाऱ्यांची संघटना स्थापन झाली तेव्हा त्याच तिच्या पहिल्या अध्यक्षा होत्या. आज ती संघटना अहिमा या नावानं ओळखली जाते. पुढच्या दशकात मिनेसोटातल्या दुलुथच्या सेंट स्कोलास्टिका कॉलेजसारख्या ठिकाणी या विषयाचे पदवीपर्यंतचे अभ्यासक्रम सुरू झाले. म्हणजे संगणक येण्याच्या कितीतरी आधी हे महाविद्यालयात शिकण्याचं शास्त्र ठरलं होतं. आपल्याकडे अजून अनेकांना ते टायपिंगच्या जवळचं काम वाटतं, म्हणून हे मुद्दाम सांगते आहे.

पैसा या कामाशी जोडला गेला तो १९८३ साली. येल विद्यापीठात रॉबर्ट फेटर आणि जॉन थॉम्प्सन यांनी रुग्णांचे गट पाडण्याची एक रीत बसवली होती: सारखा आजार, सारखा उपचार, साधारण सारखा खर्च. अमेरिकेतल्या वृद्धांच्या सरकारी विमा योजनेनं, मेडिकेअरनं, त्या वर्षी रुग्णालयांना या गटांप्रमाणे पैसे द्यायचं ठरवलं. तोवर रुग्णालय झालेला खर्च दाखवी आणि त्याप्रमाणे रक्कम मिळे. आता रुग्ण ज्या गटात बसेल त्या गटाची ठरलेली रक्कम, मग तो चार दिवस राहो की सात. गट ठरतो कोडांवरून, आणि कोड ठरतात नोंदींवरून. ज्या रेकॉर्ड विभागाकडे एरवी कुणी फिरकत नसे, त्याच्याकडे रुग्णालयाची मिळकत येऊन ठेपली. १ ऑक्टोबर २०१५ ला अमेरिकेनं नवव्या आवृत्तीवरून दहाव्या आवृत्तीच्या आपल्या विस्तारित रूपाकडे उडी घेतली, तेव्हा निदानाचे कोड सुमारे चौदा हजारांवरून सत्तर हजारांच्या घरात गेले. उजवा हात की डावा, पहिली भेट की नंतरची, हाड नीट जुळतं आहे की नाही, सगळं कोडात आलं. मनगटाजवळ होणारं कोलीज फ्रॅक्चर उजव्या हाताला असेल तर एस५२.५३१ आणि डाव्या हाताला असेल तर एस५२.५३२. त्यापुढचं सातवं अक्षर ए असेल तर बंद फ्रॅक्चरवर सक्रिय उपचार चालू आहेत, आणि डी असेल तर ते रीतसर जुळत असताना नंतरची तपासणी आहे.

एवढं तपशिलात जाणारं काम हातात घेणाऱ्याला शरीर माहीत हवं. शस्त्रक्रियांच्या कोडांत तर प्रत्येक अक्षराला स्वतंत्र अर्थ असतो. दुर्बिणीनं पित्ताशय काढलं तर कोड येतो ०एफटी४४झेडझेड. यातला एफ यकृत-पित्त आणि स्वादुपिंड यांचा, टी म्हणजे अवयव संपूर्ण काढला, पहिला चार पित्ताशयाचा, दुसरा चार दुर्बिणीतून केलेल्या शस्त्रक्रियेचा, आणि शेवटचे दोन झेड सांगतात की आत कुठलं उपकरण ठेवलेलं नाही आणि वेगळं सांगण्यासारखं काही नाही. अवयवाचा फक्त तुकडा काढला असेल तर टीच्या जागी बी येतो. शल्यचिकित्सकानं आपल्या टिपणात कोणता शब्द वापरला यावर इथे भागत नाही. त्यानं प्रत्यक्षात काय केलं ते टिपणातून वाचून काढावं लागतं. शरीररचना पाठ न करता हे कुणाला जमलेलं मी पाहिलेलं नाही.

आता एक चार्ट जवळून पाहू. तो सरावासाठी रचलेला आहे, पण यातली प्रत्येक गोष्ट रोजच्या कामातली आहे. एकसष्ट वर्षांचा पुरुष. डिस्चार्ज समरीत डॉक्टरांनी लिहिलं आहे: टाइप टू मधुमेह, उजव्या टाचेला जुनी जखम, बीपी, मूत्रपिंडाचा जुना आजार स्टेज थ्री बी, घरी जाताना इन्सुलिन चालू. विद्यार्थी पहिल्यांदा काय करतो? मधुमेहाचा साधा कोड ई११.९ लिहितो, बीपीचा साधा कोड आय१० लिहितो, जखमेचा एक कोड शोधतो आणि वही पुढे करतो. तिन्ही चुकतात. आयसीडीच्या अमेरिकी नियमांत मधुमेह आणि पायाची जखम एकत्र आली की दोन्हींचा संबंध धरूनच चालायचं असतं, डॉक्टरांनी तसा संबंध नाही असं स्पष्ट लिहिलं नसेल तर. म्हणून ई११.६२१. मूत्रपिंडाच्या आजाराचंही तसंच, म्हणून ई११.२२. बीपी आणि मूत्रपिंडाचा आजार एकत्र आले की आय१० जातो आणि आय१२.९ येतो. स्टेज थ्री बीचा एन१८.३२ आणि इन्सुलिनचा झेड७९.४ स्वतंत्र लिहायचे.

राहिली जखम. उजवी टाच, दाब पडून न झालेली, म्हणून एल९७.४१ इथवर आपण येतो. पुढचा अंक खोलीचा: फक्त कातडी गेली असेल तर एक, चरबीचा थर दिसत असेल तर दोन, स्नायू मेला असेल तर तीन, हाड मेलं असेल तर चार. डॉक्टरांनी खोली लिहिलेलीच नाही. वर्गात इथे शांतता पसरते. मग कुणीतरी नर्सिंग केलेली विद्यार्थिनी ड्रेसिंगचं पान उघडते आणि तिथे तिसऱ्या दिवशी सकाळी सिस्टरनं लिहिलेलं असतं की जखमेच्या तळाशी चरबीचा थर दिसतो आहे. हे चालतं का? चालतं. जखम आहे हे निदान डॉक्टरांचंच हवं, पण तिची खोली नर्सच्या नोंदीवरून घ्यायला नियम परवानगी देतो. कोड एल९७.४१२. ड्रेसिंग करता करता उभ्या उभ्या लिहिलेल्या त्या एका ओळीवर चार्टचा नेमकेपणा अवलंबून होता. नर्सिंगमधून या क्षेत्रात येणाऱ्या मुली स्वतःला उगाच कमी लेखतात. कोणतं पान उघडायचं हे त्यांना इतरांपेक्षा आधी कळतं, आणि हे मी वर्गात पुन्हा पुन्हा पाहिलं आहे.

त्याच चार्टात आणखी एक गोष्ट आहे, आणि माझ्या मते या विषयाचा सगळ्यात मोठा धडा तिच्यात आहे. रक्ताच्या तपासणीत सोडियम १२४ आलं आहे. दोन दिवस सलाईन बदलून दिलं, सोडियम पुन्हा पुन्हा तपासलं. बी. फार्म. झालेला कुणीही सांगेल की सोडियम कमी झालं होतं आणि त्यावर उपचार झाले. त्याला ई८७.१ असा कोड आहे, आणि तो लिहिला तर रुग्ण वरच्या गटात जाऊन रुग्णालयाला जास्त पैसे मिळण्याचा संभव असतो. पण डॉक्टरांनी ते निदान कुठेही लिहिलेलं नाही, आणि कोडरला तपासणीच्या आकड्यावरून निदान करता येत नाही. वर्षानुवर्षं कसलेली जमीन सातबाऱ्यावर नाव नसेल तर कागदोपत्री आपली ठरत नाही, तसंच इथे आहे. मग कोडरनं डॉक्टरांना लेखी विचारायचं. या विचारणेला क्वेरी म्हणतात. ती कशी लिहायची यालाही शिस्त आहे. ‘कृपया सोडियम कमी असल्याचं निदान लिहावं’ असं विचारलं तर डॉक्टरांच्या हातून आपल्याला हवं ते लिहवून घेतल्यासारखं होतं. तपासणीचे आकडे आणि दिलेले उपचार मांडायचे, यावरून काही निदान होतं का ते विचारायचं, उत्तराचे पर्याय द्यायचे, आणि त्यांत ‘अन्य’ आणि ‘सांगता येत नाही’ हेही ठेवायचे.

मुलांना हे पटायला वेळ लागतो. परीक्षेत जे दिसतं ते लिहायचं, अशीच आपली घडण झालेली असते. इथे दिसत असून न लिहिण्याचा संयम शिकावा लागतो. तो नुसता नियम म्हणून शिकवला तर टिकत नाही. पलीकडे कुणाचे तरी पैसे आहेत आणि कुणाचा तरी आजार आहे, हे समजलं की टिकतो. न लिहिलेलं लिहून सरकारी योजनेकडून जास्त पैसे उकळणं हा अमेरिकेत कायद्यानं फसवणुकीचा प्रकार आहे, आणि त्यासाठी रुग्णालयांना मोठमोठे दंड भरावे लागले आहेत. उलट, लिहिलेलं असून सोडून देणं हाही अन्यायच: रुग्णालयावर, आणि ज्याचा आजार हिशेबात आलाच नाही त्या रुग्णावर.

अमेरिकेत हे शिक्षण प्रामुख्यानं दोन वाटांनी मिळतं. एक वाट कम्युनिटी कॉलेजची. गावातल्या लोकांना कमी फीमध्ये, बऱ्याचदा संध्याकाळी किंवा ऑनलाइन शिकता यावं म्हणून असलेली ही महाविद्यालयं. तिथला दोन वर्षांचा अभ्यासक्रम शरीररचना, आजारांचं शास्त्र, औषधं, वैद्यकीय परिभाषा, संख्याशास्त्र, नोंदींचा कायदा आणि विम्याची देयकं यांवर उभा असतो. कोडिंग त्यांवर बसतं, आणि शेवटी एखाद्या संस्थेच्या प्रत्यक्ष कामात काही काळ घालवावा लागतो. अभ्यासक्रमाला काहीम या संस्थेची मान्यता असेल तर विद्यार्थी अहिमाची आरएचआयटी परीक्षा देऊ शकतो. दुसरी वाट १९८८ साली स्थापन झालेल्या एएपीसी या संस्थेच्या सीपीसी परीक्षेची: चार तासांत शंभर प्रश्न, उत्तीर्ण व्हायला सत्तर टक्के. कोडांची पुस्तकं समोर उघडी ठेवून ती देता येते, म्हणजे पाठांतराचा तिथे उपयोग थोडाच. प्रकरण वाचून नेमकं काय घडलं ते ओळखता येतं का, हे ती तपासते. नवख्यांच्या प्रमाणपत्रावर उमेदवारीची खूण म्हणून ए हे अक्षर लागतं आणि पुरेसा अनुभव दाखवला की ते निघतं. आपल्याकडची बहुतेक मुलं या दुसऱ्या वाटेनं जातात.

त्यात वाईट काही नाही. वाईट आहे ते त्या वाटेवर बसलेले दलाल. ‘दोन महिन्यांत कोडर व्हा, शंभर टक्के नोकरी’ अशा पाट्या आता जिल्ह्याच्या गावांतही दिसतात. आईवडील फी भरतात. मुलांकडून नेमकी आठ-दहा प्रकरणं घोकून घेतलेली असतात, आणि मुलाखतीत कुणी समोर साधा चार्ट ठेवला की ती गोंधळतात. ही मुलं हुशार असतात, म्हणून जास्त राग येतो. त्यांना विज्ञान येतं, चिकाटी असते, इंग्रजी वाचता येतं. फक्त पूर्ण चार्ट पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत कुणी त्यांच्यासोबत बसून वाचलेला नसतो. माझ्याकडे नंतर आलेली अशी मुलं दोन-तीन महिने रोज एक चार्ट वाचल्यावर स्वतःच सांगू लागतात की कोड कुठे अडतो ते आता कळतं.

आपल्या देशात या शिक्षणाची जुनी ठाणी आहेत. केंद्र सरकारच्या सेंट्रल ब्युरो ऑफ हेल्थ इंटेलिजन्समार्फत दिल्लीच्या सफदरजंग रुग्णालयात आणि पुदुच्चेरीच्या जिपमरमध्ये मेडिकल रेकॉर्डचं प्रशिक्षण मिळत आलं आहे. वेल्लोरचं सीएमसी आणि मणिपाल इथेही हा विषय रीतसर शिकवतात. महाराष्ट्रातल्या विद्यार्थ्याच्या कानांवर ही नावं क्वचितच पडतात. २०२१ साली संसदेनं संलग्न आरोग्य व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला आणि त्याच्या अनुसूचीत आरोग्य माहिती व्यवस्थापन हा स्वतंत्र वर्ग आला. क्लिनिकल कोडरचं नाव त्यात आहे. या कायद्याप्रमाणे संलग्न आरोग्य व्यावसायिकाच्या पदविकेला किंवा पदवीला किमान २,००० तासांचं शिक्षण लागतं. दोन महिन्यांच्या पाटीशेजारी हा आकडा ठेवून पाहावा. कायदा झाला म्हणून वर्ग भरत नाहीत, शिक्षक लागतात, आणि आज खरी चणचण त्यांचीच आहे. माझी महाविद्यालयांना विनंती आहे की त्यांनी निवृत्त झालेल्या अनुभवी सिस्टर आणि रेकॉर्ड ऑफिसर यांना शिकवायला बोलवावं. त्यांच्याकडे असलेलं ज्ञान कुठल्याही पुस्तकात नाही, यातही नाही.

अमेरिकेच्या चार्टबद्दल एवढं लिहिल्यावर घरच्या नोंदींकडे वळणं भाग आहे, कारण या पुस्तकाचा दुसरा अर्धा भाग त्यांच्यासाठी आहे. वरच्याच रुग्णासारखी एखादी अठ्ठावन्न वर्षांची बाई आपल्याकडे एखाद्या रुग्णालयात दाखल होते. मधुमेह वीस वर्षांचा, पायाला गँगरीन, विष रक्तात पसरतं आणि तिचा मृत्यू होतो. जन्म-मृत्यू नोंदणीच्या १९६९ च्या कायद्याखाली डॉक्टर नमुना चारमध्ये मृत्यूचं कारण लिहितात. त्या अर्जात रकाने क्रमानं आहेत: लगेचचं कारण कोणतं, ते कशामुळे झालं, आणि तेही मुळात कशामुळे, शेजारी प्रत्येकाचा कालावधी. नीट भरला तर वर सेप्टिक शॉक, खाली पायाचं गँगरीन, सगळ्यांत खाली मधुमेह वीस वर्षं, असं येतं आणि मृत्यू मधुमेहाच्या नावावर मोजला जातो. पण आपल्याकडे वरच्या रकान्यात कार्डिओरेस्पिरेटरी अरेस्ट लिहून खालचे रकाने मोकळे सोडण्याची सवय जुनी आहे. हृदय आणि श्वास तर प्रत्येकाचाच थांबतो. त्या एका ओळीनं मधुमेह हिशेबातून निघून जातो, आणि पायाच्या तपासणीसाठी गावपातळीवर दवाखाना हवा की नको हे ठरवणाऱ्याच्या टेबलावर ती बाई पोचतच नाही.

मुळात वैद्यकीय कारण लिहिलेले मृत्यूच कमी आहेत: २०२० साली देशात नोंदवलेल्या मृत्यूंपैकी २२.५ टक्के. त्यातलं लिहिलेलं कारणही असं पोकळ असेल तर काय मोजायचं? आपलीच मुलं रात्रपाळीला बसून परक्या देशातल्या टाचेच्या जखमेची खोली एका अंकापर्यंत नेमकी लिहितात, हे रोज पाहणाऱ्या शिक्षिकेला ही गोष्ट सलत राहते. कौशल्य इथे आहे; ते इथल्या कामाला लावण्याची व्यवस्था नाही. विम्याच्या दाव्याच्या अर्जात रुग्णालयानं भरायच्या भागात आयसीडी कोडचा रकाना आहे. तो बऱ्याचदा बिलिंगच्या खिडकीवरचा मुलगा गूगलवर पाहून भरतो. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत आणि प्रधानमंत्री जनआरोग्य योजनेत प्रत्येक उपचाराच्या पॅकेजला कोड आहे आणि दावा नाकारला जातो तो पुष्कळदा कागद अपुरे असल्यामुळे. नाकारलेल्या दाव्याचा ताण शेवटी पुढच्या रुग्णाला खाट देताना जाणवतो.

चांगल्या नोंदीतून काय उभं राहतं याचं उदाहरण शोधायला आपल्याला रायगड जिल्ह्याबाहेर जावं लागत नाही. डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी महाड परिसरात विंचूदंशाच्या रुग्णांची लक्षणं, नाडी, रक्तदाब, हृदयाची अवस्था बारकाईनं टिपली. १९८२ साली त्यांचं निरीक्षण लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं आणि पुढे प्राझोसिन या औषधाच्या उपचारानं कोकणातले कितीतरी जीव वाचले. आयसीडीत विंचवाच्या विषाचा कोड टी६३.२ आहे. तो कोड एका चौकटीत मावतो. त्यामागे रुग्णाजवळ बसून केलेलं लिखाण नसेल तर तो पोकळ राहतो. विद्यार्थ्यांनी हे उदाहरण विसरू नये, असं मला मनापासून वाटतं.

नव्या वाटा उघडत आहेत. २७ सप्टेंबर २०२१ ला आयुष्मान भारत डिजिटल मिशन सुरू झालं. त्याखाली मिळणाऱ्या चौदा अंकी आभा क्रमांकाला रुग्णाच्या नोंदी जोडायच्या आहेत. या नोंदी एका रुग्णालयातून दुसऱ्या रुग्णालयात जाताना दोन्हीकडे एकच अर्थ पोचावा, यासाठी लागणाऱ्या मानकांचं राष्ट्रीय केंद्र पुण्यात सी-डॅकमध्ये आहे. स्नोमेड सीटी ही वैद्यकीय संज्ञांची जगभर वापरली जाणारी व्यवस्था भारत २०१४ साली सदस्य झाल्यापासून आपल्याकडे विनामूल्य वापरता येते. आयुर्वेद, सिद्ध आणि युनानी यांतल्या आजारांसाठी अकराव्या आयसीडीत स्वतंत्र विभाग तयार झाला आणि जानेवारी २०२४ मध्ये दिल्लीत तो खुला करण्यात आला. बीएएमएस होऊन परदेशी चार्ट वाचणाऱ्या तरुणांनी या विभागाकडे नीट पाहावं. तिथे त्यांच्या साडेपाच वर्षांच्या शिक्षणाला थेट जागा आहे.

संगणक आता स्वतःच कोड देऊ लागला आहे, मग हे शिकून काय करायचं, असा प्रश्न प्रत्येक तुकडी विचारते. मी स्पष्ट उत्तर देते. साधे, एकसारखे अहवाल, विशेषतः एक्स-रे आणि स्कॅनचे, यंत्र झपाट्यानं आपल्याकडे घेत आहे. फ्रेशरला पहिल्यांदा नेमकं हेच काम मिळायचं, त्यामुळे शिडीची पहिली पायरी निसटते आहे आणि ही काळजी खरी आहे. त्यावर माझ्याकडे एकच उपाय आहे: महाविद्यालयातून बाहेर पडतानाच विद्यार्थी दुसऱ्या पायरीवर उभा असावा. यंत्रानं दिलेला कोड तपासता आला पाहिजे, ज्या पानावरून तो दिला ते पान शोधता आलं पाहिजे, आणि सोडियमसारख्या ठिकाणी थांबून क्वेरी लिहिता आली पाहिजे. त्यासाठी रोजचं टार्गेट आणि पंच्याण्णव टक्के अचूकता यांची सवय पुरत नाही. कारण सांगता आलं पाहिजे.

गोपनीयतेवर या पुस्तकात पूर्ण प्रकरण आहे आणि ते शेवटी ठेवलेलं नाही, दुसऱ्याच क्रमांकावर आहे. अमेरिकेत १९९६ चा हिपा कायदा आणि आपल्याकडे २०२३ चा वैयक्तिक डिजिटल माहिती संरक्षण कायदा यांची ओळख त्यात आहे. अनेक कंपन्यांत कामाच्या जागी मोबाइल नेता येत नाही, कागद-पेनही बाहेर ठेवावं लागतं. नव्या मुलांना ते जाचक वाटतं. एखाद्या ओळखीच्या माणसाचा एचआयव्हीचा किंवा गर्भपाताचा कागद आपल्या गावात फुटला तर त्याचं काय होईल याचा विचार केला की जाच वाटत नाही.

पुस्तक वापरणाऱ्या शिक्षकांसाठी थोडं. पहिल्या आठ आठवड्यांत कोडचं पुस्तक उघडू नये, असं मी सुचवते. त्या काळात शरीररचना शिकवावी आणि सोबत रोज एक डिस्चार्ज कार्ड वाचून घ्यावं: कुणी लिहिलं, केव्हा लिहिलं, काय ठरलं, काय संशयावर सोडलं. संशयित निदानाचा नियम मुलांना तिथेच समजतो. अमेरिकी पद्धतीत दाखल रुग्णाचं घरी जातानाही ‘संभाव्य’ म्हणून राहिलेलं निदान झाल्यासारखं धरतात आणि बाह्यरुग्णाचं धरत नाहीत, तिथे फक्त लक्षणाचा कोड जातो. वैद्यकीय संज्ञा मी इंग्रजीतल्याच ठेवल्या आहेत, कारण चार्टात त्याच येणार. त्यांच्यामागचा विचार मात्र मराठीत उलगडला आहे. परिशिष्टातले सगळे चार्ट रचलेले आहेत, कुठल्याही खऱ्या रुग्णाचे नाहीत. आणि एक सूचना: अमेरिकी आयसीडीचे कोड दर वर्षी १ ऑक्टोबरला बदलतात, मधे एप्रिलमध्येही काही बदल होतात, आणि उपचारांचे सीपीटी कोड १ जानेवारीला. या पुस्तकातला कुठलाही कोड कामात वापरण्याआधी त्या वर्षीच्या पुस्तकात ताडून पाहावा, आणि जिथे तो बदललेला आढळेल तिथे का बदलला हे वर्गात विचारावं.